सहाच्या सहा व्हॉइस ऐका : ज्युनो-१०६ बद्दल वाचकांचे प्रश्न

जुन्या अ‍ॅनालॉग पॉलिफोनिक (एका वेळी अनेक सूर वाजवणाऱ्या) सिंथबद्दल आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रं एकाच वाद्याबद्दल आहेत, ते म्हणजे रोलँडचा १९८४ सालचा ज्युनो-१०६. त्याला ६१ कळा, सहा व्हॉइस (एकेक सूर वाजवणारे स्वतंत्र भाग), १२८ पॅच (साठवून ठेवलेले आवाज) आणि मागच्या बाजूला मिडीची, म्हणजे वाद्यं आणि संगणक यांच्यात संदेश नेणारी, जोडणी आहे. म्हणून यावेळचं सदर मुख्यतः त्यालाच दिलं आहे. आतल्या वायरिंगला हात लावण्याआधी प्लग भिंतीतून काढायचा, ही सूचना खालच्या प्रत्येक उत्तराला लागू आहे.

प्रश्न : एकजण ज्युनो-१०६ विकतोय. 'सगळं चालू आहे' म्हणतो आणि व्हिडिओसुद्धा पाठवलाय. प्रत्यक्ष बघायला जाणार आहे, तर नेमकं काय तपासू? (मुंबई)

उत्तर : व्हिडिओवर जाऊ नका. कोरस (आवाज दाट करणारा इफेक्ट) चालू ठेवून लांब कॉर्ड वाजवले की एखादा मेलेला व्हॉइस त्यात सहज लपतो. या सिंथमध्ये सहा स्वतंत्र व्हॉइस आहेत आणि तुम्ही कळा दाबाल तसं मशीन त्यांना आळीपाळीने काम देतं. त्यामुळे एक व्हॉइस बिघडला तर दर सहा सुरांत एखादा खोटा लागतो. ऐकणाऱ्याला वाटतं वाजवणाऱ्याचंच बोट चुकलं.

विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा, की तुम्ही पोचेपर्यंत सेट बंद असू दे. थंड सेट तुमच्यासमोर चालू झाला पाहिजे. 'की ट्रान्सपोझ'चं बटण दाबून धरा आणि तसंच धरून पॉवर चालू करा. सेट चाचणीच्या अवस्थेत जातो. मग कळ दाबली की कोणता व्हॉइस वाजतोय त्याचा आकडा, १ ते ६, डिस्प्लेवर दिसतो. वेगवेगळ्या कळा एकेक करून दाबत जा आणि प्रत्येक आकड्याचा सूर नीट ऐका. कागदावर सहा रकाने आखून घेतलेले बरे.

नंतर सेट बंद करून नेहमीसारखा चालू करा आणि फिल्टर तपासा. सॉ आणि पल्स (मूळ सुराच्या दोन लहरी) दोन्ही बंद, सब (एक सप्तक खालचा सूर) आणि नॉइझ शून्यावर, कोरस बंद. रेझोनन्सचा स्लायडर पूर्ण वर, व्हीसीएफची (म्हणजे फिल्टरची) फ्रीक्वेन्सी साधारण मध्यावर, फिल्टरचं 'एन्व्ह' शून्यावर, 'कीबोर्ड' पूर्ण वर. व्हीसीए (आवाजाची पातळी सांभाळणारा भाग) 'गेट'वर ठेवा. आता कळ दाबल्यावर नुसती शिट्टी ऐकू आली पाहिजे. ही शिट्टी फिल्टर स्वतःच घालतो, ऑसिलेटरचा (मूळ सूर तयार करणाऱ्या भागाचा) तिच्याशी संबंध नाही. सहाही व्हॉइसनी शिट्टी घातली पाहिजे आणि तीही जवळपास सारख्या उंचीची. एखादी थोडी वरखाली असेल तर ते ट्रिमरने सुधारतं. एखादी लागतच नसेल, तर त्या व्हॉइसचा फिल्टर-व्हीसीए मोड्यूल गेला असं धरून चाला.

आता रेझोनन्स खाली घ्या आणि सॉ, पल्स, सब एकेक करून ऐका. शिट्टी नीट येते पण सॉ येत नाही, असं झालं तर दोष फिल्टरमध्ये नसून वेव्ह तयार करणाऱ्या चिपमध्ये आहे. एमसी५५३४ए नावाच्या अशा तीन चिप आत आहेत आणि एकेक चिप दोन व्हॉइस सांभाळते. म्हणून दोन व्हॉइस एकदमच अपंग झाले तर पहिला संशय तिच्यावर. सहाही व्हॉइसमध्ये तोच दोष असेल तर व्हॉइसच्या चिप सोडून द्या. पॉवर सप्लाय, हाय-पास फिल्टर किंवा कोरसकडे बघा, कारण हे भाग सगळ्यांना सामाईक आहेत. आणि ठरावीक एकच कळ दर वेळी मुकी राहत असेल तर तो त्या कळेखालच्या संपर्काचा मळ. तो स्वस्तातला दोष आहे, त्यासाठी व्यवहार मोडू नका.

हे सगळं झालं की चहा घ्या आणि सेट तासभर चालू ठेवून पुन्हा सहा रकाने भरा. जुने मोड्यूल बहुतेकदा गरम झाल्यावरच खरखरायला लागतात. विक्रेता तासभर थांबायला तयार नसेल तर भाव मरणाऱ्या चिपच्या हिशेबाने बोला.

प्रश्न : जपानमधून आणलेला सेट आहे, मागे १०० व्होल्ट लिहिलंय. बाजारात २३० चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर सहज मिळतो. तो चालेल का? (नागपूर)

उत्तर : चालू होईल, पण आम्ही तो सुचवणार नाही. १०० च्या जागी ११० म्हणजे १० टक्के जास्त. त्यातून आपल्याकडे रात्री लाइन २४५-२५० पर्यंत चढली की त्याच ट्रान्सफॉर्मरमधून ११७-१२० व्होल्ट बाहेर पडतात. सेटच्या आतला रेग्युलेटर वरचा सगळा दाब उष्णता करून टाकून देतो, म्हणजे तो आणि त्याच्या आसपासचे कपॅसिटर रोज भाजत राहणार. चाळीस वर्षांचे कपॅसिटर आहेत ते.

२३० चे १०० करून देणारा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्या. मोठ्या शहरांत वाइंडिंगवाले ऑर्डरप्रमाणे करून देतात. १०० व्हीए पुरून उरतो. सांगताना 'आयसोलेशनचा, दोन वेगळ्या वाइंडिंगचा' असं स्पष्ट सांगा. ऑटो-ट्रान्सफॉर्मर लहान आणि स्वस्त पडतो, पण त्यात मेन्स आणि सेट एकमेकांपासून वेगळे राहत नाहीत. ५० की ६० हर्ट्झ याची काळजी नको, जपानमध्ये दोन्ही वापरात आहेत. अमेरिकेतून आलेल्या ११७ व्होल्टच्या सेटला मात्र ११० चा ट्रान्सफॉर्मर चांगला.

ट्रान्सफॉर्मर सिंथपासून आणि ऑडिओच्या केबलपासून हातभर लांब, जमिनीवर ठेवा. आणि सेटच्या प्लगला ठळक अक्षरांत '१०० व्होल्ट' अशी चिठ्ठी बांधा. घरातलं दुसरं कुणीतरी मदत म्हणून तो थेट भिंतीत खोचतं, आणि मग फ्यूज जाण्यावर निभावलं तर नशीब.

प्रश्न : माझा व्यवसाय इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचा आहे. एका गिऱ्हाइकाच्या ज्युनोत चौथा व्हॉइस कळ न दाबता गुणगुणत राहतो. काळ्या चिप अ‍ॅसिटोनमध्ये बुडवतात असं ऐकलं. खरंच उपयोग होतो, की नवीन घालू? (पुणे)

उत्तर : दोन्ही मार्ग खरे आहेत. आधी कारण समजून घ्या, म्हणजे निवड सोपी होईल.

तुम्ही म्हणता ती काळी चिप, ८००१७ए, वरवर चिप दिसते, पण तो एक छोटा मोड्यूल आहे. बारीक पट्टीवर फिल्टरची आयसी, व्हीसीए आणि भोवतालचे सुटे भाग बसवून ती अख्खी पट्टी काळ्या लेपात बुडवलेली असते. काळानुसार लेप बिघडतो आणि जिथून प्रवाह जायला नको तिथून किंचित जाऊ लागतो. फिल्टर आणि व्हीसीएचे कंट्रोल बारीक प्रवाहांवर चालतात, त्यामुळे एवढी गळतीही पुरते. व्हीसीए पूर्ण बंद होत नाही आणि व्हॉइस गुणगुणत राहतो. कधी खरखरतो, कधी दबका येतो. म्हणजे पुष्कळदा आतली आयसी ठणठणीत असते, दोषी असतो तो लेप. अ‍ॅसिटोनचा उपयोग होतो तो म्हणूनच.

मोड्यूल बोर्डावरून काढताना घाई केली की कायमचं नुकसान होतं. बोर्डावरचे ट्रॅक पातळ आहेत आणि जोर लावला की पॅडसकट उचलले जातात. प्रत्येक पायावर आधी थोडं नवीन सोल्डर द्या, मग सकरने ओढून घ्या, उरलेलं विकने टिपा. प्रत्येक पाय भोकात मोकळा हलतोय याची खात्री झाल्याशिवाय मोड्यूल ओढू नका. काढलेल्या प्रत्येक मोड्यूलवर व्हॉइसचा आकडा लिहून ठेवा.

झाकणाच्या काचेच्या बाटलीत शुद्ध अ‍ॅसिटोन घ्या. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि सुगंध असतात. मोड्यूल पूर्ण बुडेल इतकंच घ्या. एक ते दोन दिवसांत लेप फुगून मऊ पडतो. मऊ ब्रशने आणि लाकडी काडीने तो सोडवा. चिमट्याने खरवडलंत तर बारीक रेझिस्टर लेपाबरोबर निघून येतील. राहिलेला तुकडा ओढू नका, पुन्हा बुडवा. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवा. सगळं काम खिडकी उघडी ठेवून करा आणि सोल्डरिंग आयर्न त्या टेबलावर तापत ठेवू नका, अ‍ॅसिटोनची वाफ ठिणगीवर पेट घेते.

आता निवडीबद्दल. अ‍ॅसिटोनने मोड्यूल जगेलच याची हमी नाही. आतली आयसी गेली असेल तर दोन दिवस वाया जातात. नव्याने बनवलेले पर्यायी मोड्यूल मिळतात, त्यांवर लेप नसतो आणि हा रोग त्यांना होत नाही. ते बाहेरून मागवावे लागतात आणि सहाचा खर्च बराच होतो. आमचा सल्ला असा : गिऱ्हाईक सिंथ स्टेजवर नेणारं असेल तर सहाही नवे घाला. घरात वाजवणारं असेल तर सहाही काढून अ‍ॅसिटोनमध्ये टाका, आणि त्यातून जो उठणार नाही त्याच्या जागी नवा. फक्त चौथा काढून सेट परत देणं मात्र पटत नाही. सहाही एकाच वयाचे आहेत. पाचवा पुढच्या उन्हाळ्यात येईल आणि प्रत्येक वेळी उघडताना बोर्डाचं आयुष्य कमी होईल.

मोड्यूल कुठलेही घातलेत तरी काम तिथे संपत नाही. आधी पॉवर सप्लायचे अधिक-उणे १५ आणि ५ व्होल्ट मोजा. मग सर्व्हिस मॅन्युअल समोर ठेवून प्रत्येक व्हॉइसचा व्हीसीए ऑफसेट, फिल्टरची फ्रीक्वेन्सी आणि रुंदी ट्रिमरने जुळवा. हे वगळलं तर सहाही व्हॉइस 'चालू' असतात, पण एकेक सूर वेगवेगळ्या उजेडाचा लागतो आणि गिऱ्हाईक म्हणतं की पूर्वीची मजा नाही.

प्रश्न : बॅटरी बदलताना पॅच जातात का? (सोलापूर)

उत्तर : जातात. बोर्डावर डागलेली सीआर२०३२ काढली की १२८ च्या १२८ पुसले जातात. सेट चालू ठेवून बॅटरी बदलण्याची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका, एक ठिणगी आणि मेमरीच काय, प्रोसेसरही जाईल.

आधी पॅच बाहेर काढून ठेवा. टेपच्या सॉकेटमधून 'सेव्ह' केलं की ते मोडेमसारखा चिरका आवाज करत बाहेर येतात. तो आवाज वेव्ह फाइल म्हणून रेकॉर्ड करा, एमपी३ नको. लगेच 'व्हेरिफाय' करून बघा, नाहीतर फाइल आहे पण वाचता येत नाही असं होतं. दुसरा मार्ग मिडीचा. मागचा फंक्शन स्विच ३ वर ठेवला की प्रत्येक पॅच निवडताना त्याची पूर्ण माहिती मिडीतून बाहेर पडते. सिस्टिम एक्सक्लुझिव्ह (त्या वाद्यापुरते खास मिडी संदेश) पकडणारं सॉफ्टवेअर चालू करून १२८ पॅच क्रमाने दाबत जा. कंटाळवाणं काम आहे, पण दोन्ही प्रकारे बॅकअप घेतलेला असला की निश्चिंत राहता येतं. नवीन बॅटरीसाठी सॉकेट डागा, म्हणजे पुढच्या वेळी सोल्डर लागणार नाही. परत लोड करताना मागचा मेमरी प्रोटेक्ट बंद करायचा राहतो, आणि मग लोक फाइलला दोष देतात.

प्रश्न : समुद्रापासून जवळ राहतो. पावसाळ्यात स्लायडर खरखरतात, एखादा पॅच आपोआप बदलल्यासारखा वाटतो. स्प्रे मारू का? (मालवण)

उत्तर : गंज सोडवायचा किंवा बिजागरीला मारायचा स्प्रे अजिबात नको. तो कार्बनच्या पट्टीवर तेल सोडतो, चार दिवस बरं वाटतं आणि मग त्याच तेलात धूळ आणि खारी हवा बसून चिकट थर होतो. फेडरसाठीच बनवलेलं क्लीनर घ्या. सेट उघडा, बोर्ड सैल करा आणि नळीने प्रत्येक स्लायडरच्या आत थेंबभरच सोडा. मग तो वीस-पंचवीस वेळा पूर्ण वर-खाली करा. वरून, पॅनलच्या फटीतून मारलेला स्प्रे आतल्या मळाला आणखी आत ढकलतो.

पॅच बदलल्याचा भास याच मळाचा असतो. ज्युनोत प्रत्येक स्लायडरची जागा प्रोसेसर वाचत असतो. संपर्क लटपटला की त्याला वाटतं तुम्ही स्लायडर हलवला, आणि तो नवीन किंमत लागू करून टाकतो.

कोकणात खरी लढाई ओलाव्याशी आहे. सेट वापरात नसला तरी आठवड्यातून एकदा दोनेक तास चालू ठेवा, आतल्या उबेने ओल निघते. झाकायला सुती कापड. प्लॅस्टिक टाकलं की ओल आतच कोंडते. केसमध्ये ठेवत असाल तर सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि रंग बदलला की तव्यावर नव्हे, मंद ओव्हनमध्ये वाळवून परत वापरा. आतले रिबन कनेक्टर वर्षातून एकदा काढून परत बसवले तरी बरेच 'गूढ' दोष नाहीसे होतात. आणि एसीच्या खोलीतून सेट बाहेर दमट हवेत नेला की थंड बोर्डावर दव धरतं. अशा वेळी दोन-तीन तास तो तसाच बंद राहू द्या.

प्रश्न : कोरस लावला की रेकॉर्डिंगमध्ये सूंऽऽ असा आवाज येतो. त्याशिवाय हलका हमही आहे. लॅपटॉप आणि दोन चॅनलचा इंटरफेस वापरतो. (ठाणे)

उत्तर : हे दोन वेगळे आवाज आहेत.

सूंऽऽ हा कोरसचा स्वभाव आहे. आत एमएन३००९ नावाच्या दोन बकेट-ब्रिगेड चिप आहेत. सिग्नल त्यांच्या २५६ टप्प्यांतून हातोहात पुढे सरकतो आणि वाटेत थोडी हिस गोळा करतो. ही हिस सिग्नल मोठा असो वा लहान, तेवढीच राहते. इथेच उपाय आहे. कोरस व्हीसीएच्या पुढे आणि मास्टर व्हॉल्यूमच्या आधी बसतो. म्हणून पॅचमधला व्हीसीए लेव्हलचा स्लायडर, जितका विकृतीशिवाय जाईल तितका, वर न्या आणि कोरसमध्ये दमदार सिग्नल पाठवा. पुष्कळजण उलटं करतात : पॅच दबका ठेवतात आणि इंटरफेसवर गेन वाढवतात, म्हणजे हिसही बरोबरीने वाढते. मागचा आउटपुट स्विच 'एच'वर, इंटरफेसचा इनपुट 'लाइन'वर, गिटारच्या 'इन्स्ट्रुमेंट'वर नको. २४ बिट, आणि सगळ्यात मोठा कॉर्ड उणे १२ डेसिबलच्या आसपास. रेझोनन्स ओढणार असाल तर तो पूर्ण ओढून लेव्हल बघा, तिथे शिखरं एकदम उंचावतात.

सुरांमधल्या शांततेत हिस उरलीच तर नॉइझ गेट (हलका आवाज आपोआप कापणारं साधन) लावू नका. हिस सुराबरोबर उघडझाप करते आणि जास्तच लक्षात येते. रिकाम्या जागा हाताने फेड करा. लांब पॅडमध्ये हिस राहू द्या, गाण्यात बाकीची वाद्यं आली की ती ऐकू येत नाही. दोन्ही आउटपुट दोन चॅनलवर घ्या आणि मिक्स एकदा मोनोत ऐका, कारण डाव्या-उजव्या बाजूंचं डोलणं परस्परविरुद्ध असतं आणि फोनच्या एका स्पीकरवर त्यातला बराच पसारा आकसतो. ज्या भागात मुख्य सूर कोरसवरच उभा आहे तिथे तोच भाग कोरस बंद ठेवून पुन्हा वाजवून खाली हलका ठेवा.

हमसाठी आधी लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवून ऐका. हम गेला तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे साधनांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह. सिंथ आणि इंटरफेसच्या मध्ये दोन चॅनलचा ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स टाका. सगळी साधनं एकाच अर्थिंगच्या बोर्डावर घ्या. कुठल्याही उपकरणाची अर्थची पिन काढून हम घालवू नका. हम जाईल, पण शॉक लागण्याची वाट मोकळी होईल. चार्जर काढूनही हम तसाच असेल तर ज्युनोचे फिल्टर कपॅसिटर वाळले आहेत का ते तंत्रज्ञाकडून पाहून घ्या.

प्रश्न : सीक्वेन्सरमधून ज्युनो वाजवला की तबल्याच्या ट्रॅकमागे पडतो. कॉर्ड तर विस्कटल्यासारखा येतो. (आइंडहोव्हन, नेदरलँड्स)

उत्तर : मिडी सेकंदाला ३१,२५० बिट पाठवते आणि एका बाइटला ३२० मायक्रोसेकंद लागतात. एक सूर म्हणजे तीन बाइट, जवळजवळ १ मिलिसेकंद. सहा सुरांचा कॉर्ड सुटे संदेश म्हणून गेला तर पहिला आणि शेवटचा सूर यांत ५ मिलिसेकंदांच्या आसपास अंतर पडतं. त्यात १९८४ च्या प्रोसेसरचा वेळ मिळवा. हे टाळता येत नाही, मोजता येतं.

अ‍ॅटॅक शून्य, कोरस बंद. बरोब्बर मात्रेवर एकेक सूर ठेवलेली चार आवर्तनं रेकॉर्ड करा आणि ग्रिडपासून प्रत्येक सुराचं अंतर बघा. सरासरी काढा आणि ऑडिओ तेवढा आधीच्या बाजूला ओढा. ४४.१ किलोहर्ट्झला १० मिलिसेकंद म्हणजे ४४१ सॅम्पल. तुमच्या इंटरफेसची स्वतःची दिरंगाई आधी केबलने आउट-इन जोडून मोजून घ्या, नाहीतर ती ज्युनोच्या माथी जाईल.

आणखी एक जागा बघा. फंक्शन स्विच ३ वर असताना स्लायडर हलवला की प्रत्येक बदलाला सात बाइट जातात, म्हणजे सव्वादोन मिलिसेकंद. फिल्टरची हालचाल सीक्वेन्सरमध्ये साठवता येते, ही ज्युनो-१०६ ची फार मोठी सोय आहे. पण घनदाट हालचालीत सूर अडकतात. अशा हालचाली विरळ करा, किंवा सूर सीक्वेन्सरवर सोडा आणि स्लायडर रेकॉर्डिंगच्या वेळी हाताने ओढा. आम्हाला दुसरा मार्ग जास्त आवडतो. हाताने ओढलेल्या फिल्टरला श्वास असतो.

प्रश्न : मी शास्त्रीय गाते. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँडच्याच ज्युपिटर-८ सिंथवर राग वाजवले होते, ते ऐकून ज्युनो घेतला. तानपुऱ्याबरोबर पॅड धरला की गंधार टोचतो. माझी पट्टी काळी चार. (डोंबिवली)

उत्तर : तुमचा कान बरोबर आहे. ज्युनो बारा समान भागांत लागलेला असतो. त्याचा पंचम ७०० सेंटवर (सेंट म्हणजे अशा एका भागाचा शंभरावा हिस्सा), नैसर्गिक पंचम ७०२ वर. दोन सेंटचा फरक कुणाला बोचत नाही. पण शुद्ध गंधार ज्युनोत ४०० वर आहे आणि तानपुऱ्याच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गंधार ३८६ वर. १४ सेंट चढा गंधार लांब धरला की तानपुऱ्याशी भांडणारच. एकेक कळ वेगळी लावायची सोय या सिंथमध्ये नाही.

पॅडमध्ये षड्ज-पंचमच धरा, मारव्यासारख्या रागात पंचमही सोडून नुसता षड्ज. रेंज १६ फुटांवर, सब-ऑसिलेटर निम्म्यापर्यंत. सब एक सप्तक खाली वाजतो, त्यामुळे खर्जाचा भरणा आपोआप होतो. कोरस बंद. तो मुळात सूर किंचित हलवूनच गोडवा आणतो, आणि तानपुऱ्याजवळ तेच डोलणं षड्ज पुसट करतं. हाय-पासचा स्लायडर १ वर ठेवा. ० वर हा सिंथ खालचे सूर फुगवतो आणि तानपुऱ्याचा खर्ज झाकतो.

गंधार हवाच असेल तर तो वेगळ्या ट्रॅकवर एकटा वाजवा. ट्यूनिंगच्या नॉबने ट्यूनर बघत १४ सेंट उतरवा, रेकॉर्ड करा, आणि परत शून्यावर या. इथे ज्युनोचा एक गुण कामाला येतो. त्याचे ऑसिलेटर डिजिटल घड्याळावर चालतात, त्यामुळे एकदा लावलेला सूर तासाभराने तिथेच असतो. ज्युपिटर-८ किंवा प्रॉफेट-५ मध्ये व्होल्टेजवर चालणारे ऑसिलेटर आहेत. त्यांना अर्धा तास तापू द्यावं लागतं आणि मधूनमधून ट्यूनचं बटण दाबावं लागतं.

काळी चारसाठी 'की ट्रान्सपोझ' धरून काळी चार दाबा, म्हणजे पांढऱ्या एकवर बोट ठेवलं की तुमचा षड्ज लागेल. पण साथीची पेटी ४४० वर असेलच असं नाही; आधी पेटीचा षड्ज ट्यूनरवर बघा आणि ज्युनो तिच्याकडे आणा. मींड घ्यायची तर पॉली १ आणि पॉली २ एकदम दाबून सहाही व्हॉइस एका सुरावर आणा, पोर्टामेंटो (सुरावरून सुरावर घसरत जाणं) थोडा ठेवा आणि बेंडरने सूर किती सरकेल ते ठरवणारा डीसीओ स्लायडर सुरुवातीला खालीच असू द्या. वर नेलात तर हात जरा हलला की मींड षड्जापासून मध्यमापर्यंत घसरते.

प्रश्न : ज्युनोऐवजी कॉर्गचा पॉलीसिक्स स्वस्तात मिळतोय. चालू होतो, पण पॅच भलतेच येतात आणि काही कळा वाजत नाहीत. घेऊ का? (कोल्हापूर)

उत्तर : १९८१ चा पॉलीसिक्स फार देखण्या आवाजाचा आहे. व्होल्टेजचे ऑसिलेटर, एसएसएम२०४४ चे फिल्टर, आणि ज्युनो-१०६ मध्ये नसलेला अर्पेजिएटर (कॉर्डचे सूर एकेक करून वाजवणारी सोय). मिडी मात्र नाही, ती नंतर बसवावी लागते.

तुम्ही लिहिलेली लक्षणं त्याच्या मुख्य रोगाची आहेत. केएलएम-३६७ नावाच्या बोर्डावर निकेल-कॅडमियमची ३.६ व्होल्टची बॅटरी डागलेली असते. ती वर्षांनुवर्षं गळते आणि तिचं अल्कली खालचे तांब्याचे ट्रॅक खाऊन टाकतं. याच बोर्डावरून कळा आणि पॅच सांभाळले जातात. भाव ठरवण्याआधी झाकण उघडून घ्या आणि बॅटरीभोवती बघा. हिरवट-पांढरी बुरशी बॅटरीपुरती असेल तर वाचवता येईल. आयसीच्या पायांखाली पसरली असेल तर नवा पर्यायी बोर्ड लागेल, तो खर्च आधी काढा.

घेतलात तर पहिलं काम बॅटरी कापून काढण्याचं. डाग पातळ व्हिनेगरने पुसा म्हणजे अल्कली मरेल, मग डिस्टिल्ड पाण्याने, मग अल्कोहोलने धुवा आणि वाळवा. त्यानंतर तुटलेले ट्रॅक मीटरने एकेक तपासून बारीक तारेने जोडा. लिथियमची बॅटरी घालणार असाल तर ती बोर्डापासून लांब, वायरवर ठेवा आणि मालिकेत डायोड टाका. मूळ सर्किट बॅटरीला चार्ज करतं. डायोड नसेल तर लिथियम सेल फुगतो किंवा फुटतो. हे होईपर्यंत सेट पुन्हा चालू करून बघू नका.